कुंडी बदलली की झाड मान टाकतं: आधी मुळांचा गोळा तपासा, मग पाणी

नर्सरीत टवटवीत दिसणारं झाड घरी आणून मोठ्या कुंडीत लावलं, मनापासून पाणी घातलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याने मान टाकली. आठवडाभरात खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, कळ्या उमलायच्या आतच वाळल्या. बाग करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो, आणि दर नव्या झाडाच्या वेळी पुन्हा येतो. मग पाणी कमी पडलं असेल म्हणून आणखी पाणी घातलं जातं, ताकद यावी म्हणून खत दिलं जातं, सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत कुंडी हलवली जाते. एवढ्या सगळ्यात जे झाड आपोआप सावरलं असतं तेही जातं.

पुनर्लागवडीनंतर थोडं कोमेजणं स्वाभाविक आहे आणि बहुतेक झाडं त्यातून उठतात. जी उठत नाहीत, त्यांच्या बाबतीत कारण बहुधा मातीच्या वरच्या थरात दिसतच नाही. ते आत, मुळांच्या गोळ्यात, म्हणजे पिशवीतून मुळांसकट निघालेल्या मातीच्या ढेकळात असतं. म्हणून झारी हातात घेण्याआधी गोळा बघायचा, एवढी एक सवय लागली तरी निम्मी झाडं वाचतील असं मला वाटतं. हे सगळं मुख्यतः गच्ची, बाल्कनी आणि अंगणातल्या झाडांबद्दल आहे: गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, लिंबू आणि भाजीची रोपं.

आत नेमकं काय बिघडतं

झाड पाणी पितं ते जाड, तपकिरी मुळांनी नव्हे. ती मुळं झाडाला धरून ठेवतात आणि पाणी वर पोचवतात. मातीतून पाणी ओढून घेण्याचं काम टोकाची कोवळी मुळं आणि त्यांच्यावरची डोळ्यांना जेमतेम दिसणारी मूलरोमं करतात. द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार या कोवळ्या मुळांनाच 'पांढरी मुळी' म्हणतात आणि ती चालू आहे की नाही हे बघितल्याशिवाय पुढचं काही करत नाहीत. ही मुळी मातीच्या कणांना अगदी चिकटून असते. पिशवी ओढून काढताना, गोळा आपटताना, माती झटकताना सगळ्यात आधी तुटते ती हीच. झाड दिसायला अख्खं असतं, पण पाणी घेणारं अंग गेलेलं असतं. वर पानं मात्र पूर्वीइतकीच असतात आणि उन्हात त्यांतलं प्रत्येक पान वाफ सोडतच राहतं.

पाणी पुरत नाही म्हटल्यावर झाड पानांवरची छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, बंद करून घेतं. त्यामुळे पाणी वाचतं, पण बाष्पामुळे पानाला मिळणारा गारवाही थांबतो. त्यामुळे आधी सहज सोसणारं ऊनही आता पान करपवतं. शिवाय रंध्रं बंद म्हणजे अन्न बनवणंही मंद, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे वरची वाढ थांबल्यासारखी दिसते. ही थांबलेली वाढ काळजीची गोष्ट नाही. त्या काळात झाड खाली मुळं घडवत असतं.

मुळी नव्याने फुटायला ओल लागते तशी हवाही लागते. आपल्याकडे शेतीत 'वाफसा' म्हणतात तीच स्थिती कुंडीतही हवी: मुठीत माती दाबली की गोळा व्हावा, पण अंगठ्याने ढकलला की तो फुटावा. हातातून पाणी ओघळलं तर ती माती मुळी फुटण्यासाठी फार ओली आहे.

आधी सकाळी बघा

दुपारी दोन वाजता मलूल दिसणाऱ्या झाडावरून कोणताही निष्कर्ष काढू नका. नव्या लावलेल्या झाडाची पानं भर दुपारी लोंबतातच. तेच झाड दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत बघायचं. रात्रभर पानांतून पाणी फारसं जात नाही, त्यामुळे उरलीसुरली मुळंही तूट भरून काढतात. सकाळी पानं ताठ असतील तर झाड नीट मार्गावर आहे. सावली द्या आणि त्याला त्याचं काम करू द्या.

सकाळीही पानं लोंबलेलीच असतील तर मात्र तपास करायला हवा. तिथे शक्यता दोनच मोठ्या आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. एक, गोळा आतून कोरडा आहे. दोन, गोळा पाण्याने इतका भरलाय की मुळं गुदमरली आहेत. बाहेरून दोन्ही झाडं अगदी सारखी दिसतात. म्हणून नुसतं पान बघून पाणी घालणं धोक्याचं.

लाल, चिकट मातीचा गोळा

आपल्याकडच्या नर्सऱ्यांमधली बरीचशी शोभेची आणि फुलांची झाडं स्थानिक नसतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियमच्या परिसरात नर्सऱ्यांचा मोठा व्यवसाय आहे. तिथून ट्रकने झाडं येतात. उरुळी कांचनच्या आसपासही मोठ्या नर्सऱ्या आहेत. लांबच्या प्रवासात गोळा फुटू नये म्हणून अशी झाडं चिकट, चिकणमातीसारख्या मातीत भरलेली असतात. प्रवासापुरती ती माती उत्तम काम करते. अडचण सुरू होते ती आपल्या कुंडीत.

आपण कुंडीत भरतो ते मिश्रण भुसभुशीत असतं: माती, शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). त्याच्या मधोमध तो घट्ट लाल गोळा बसतो. एकदा हा गोळा सुकला की आकसतो आणि त्याच्याभोवती बारीक फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून आणि भुसभुशीत मिश्रणातून सरळ खाली जातं. ताटली भरते, वरची माती ओली दिसते, बोट खुपसलं तरी ओल लागते. आणि मधला गोळा, ज्यात झाडाची सगळी मुळं आहेत, तो विटेसारखा कोरडा राहतो. झाड पाण्याच्या मधोमध तहानेने वाळतं.

तपासायला जळून गेलेल्या उदबत्तीची काडी पुरते. ती कुंडीच्या कडेला खुपसली तर अलगद आत जाते. खोडापासून दोन-तीन बोटांवर खुपसून बघा. अर्धा-पाऊण इंच आत जाऊन काडी अडली, जोर दिल्यावर वाकली, आणि बाहेर काढल्यावर टोकाला फक्त लाल भुकटी लागली असेल, तर निदान झालं.

उपायही साधा आहे. कुंडी उचलण्याजोगी असेल तर मोठ्या बादलीत किंवा टबात हळूहळू बुडवा, पाणी कुंडीतल्या मातीच्या वर बोटभर येईल एवढी. लगेच बुडबुडे येऊ लागतील. कडेचे बुडबुडे पटकन थांबतात. मग काही वेळाने खोडाच्या अगदी जवळून, एकेक करून, बारीक बुडबुडे येत राहतात. तीच गोळ्यातली हवा. ते पूर्ण थांबेपर्यंत कुंडी पाण्यातच ठेवा. साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात, फार सुकलेल्या गोळ्याला अर्धा तासही लागतो. नंतर कुंडी दोन विटांवर ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या. आता तीच काडी पुन्हा खुपसा, ती आत जायला हवी. संध्याकाळी हे केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पानांत फरक दिसायला लागतो.

कुंडी जड असेल तर गोळ्यात पातळ सळईने चार-पाच ठिकाणी भोकं पाडा, खोडाला लागून नव्हे, थोडी दूर. मग झाकणाला बारीक भोक पाडलेली पाण्याची बाटली खोडाजवळ उलटी खोचून ठेवा, म्हणजे थेंब थेंब पाणी गोळ्यातच मुरेल. पुढचे दोन-तीन आठवडे पाणी खोडाजवळच घालायचं. एरवी आपण कडेकडेने पाणी घालायला सांगतो ते बरोबर आहे, पण ते मुळं कडेपर्यंत पोचलेल्या झाडाला. नव्या झाडाची मुळं अजून गोळ्याच्या बाहेर आलेलीच नसतात.

लावण्याआधीच काळजी घेता आली तर फारच चांगलं. पिशवीसकट झाड पाण्यात बुडवून गोळा पूर्ण भिजवा, निथळू द्या, मग पिशवी ब्लेडने दोन बाजूंनी कापून काढा. पिशवी वरून ओढू नका आणि खोड धरून झाड उचलू नका. गोळ्याची बाहेरची माती बोटांनी अर्धा-एक इंच मोकळी करा. तळाशी मुळं गोल गोल फिरली असतील तर ती सोडवा, न सुटणारी कात्रीने कापा. कापलेल्या टोकातून नवी मुळं फुटतात, पण गोल फिरणारं मूळ पुढेही गोलच फिरत राहतं.

आता लाल माती संपूर्ण धुऊन काढावी का, यावर बागकाम करणाऱ्यांत बरेच मतभेद आहेत. माझं मत असं, की नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंडीत, गुलाबासारख्या छाटणी झालेल्या झाडाची माती धुतली तर चालते. ऊन कमी असतं, पानंही कमी असतात. पण एप्रिल-मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात भरल्या पानांच्या मोगऱ्याची, जास्वंदीची माती धुणं म्हणजे उरलेली पांढरी मुळीही काढून टाकणं. तेव्हा गोळा भिजवा, बाहेरचा थर मोकळा करा आणि थांबा.

माती ओली, झाड मलूल

काडी सहज आत गेली, बाहेर येताना चिखल घेऊन आली, आणि तरी सकाळी पानं लोंबलेली आहेत. आता वास घ्या. कुंडीच्या तळाच्या भोकाशी नाक नेलं की गटारासारखा आंबूस वास येतो का? येत असेल तर झाड बाहेर काढायलाच हवं. कुजलेलं मूळ ओळखायला सोपं असतं. दोन बोटांत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि आत बारीक दोरा उरतो. चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतं.

कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापून टाका. गोळ्याची चिखल झालेली माती जेवढी आपोआप सुटेल तेवढी काढा. मग आधीपेक्षा लहान कुंडीत, कोरडसर आणि हलक्या मिश्रणात झाड लावा. मुळं कमी झालीत, तेव्हा वरचा काही भारही छाटणीने उतरवावा लागेल. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर मिश्रणात मिसळता आली तर मिसळा. ती कुजवणाऱ्या बुरशीवर चांगली चालते, मात्र बुरशीनाशक रसायन आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नका, नाहीतर दुसऱ्याचा उपयोग शून्य. लावल्यावर अगदी थोडं पाणी घालून झाड सावलीत ठेवा.

अशी कूज होण्याचं आपल्या घरांमधलं मोठं कारण म्हणजे अती मोठी कुंडी. चार इंची पिशवीतलं रोप सरळ चौदा इंची कुंडीत लावलं जातं, पुन्हा पुन्हा बदलायला नको म्हणून. त्या जादा मातीतलं पाणी प्यायला मुळंच नसतात. ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मधली मुळं कुजतात. गोळ्याच्या सगळ्या बाजूंनी दोन इंच जागा पुरेशी आहे. दुसरं कारण ताटलीत साचलेलं पाणी. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवा, डासांच्या दृष्टीनेही तेच बरं. आणि तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी भरली की पाणी लवकर निचरतं, ही समजूत खूप जुनी असली तरी बरोबर नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादं खापर किंवा जाळीचा तुकडा बस.

पानांवर पांढुरके, कागदी डाग

वरच्या, उन्हाकडे तोंड असलेल्या पानांवरच असे डाग पडले असतील तर ते ऊन लागलंय. नर्सरीत झाड हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं असतं, तिथली पानं मऊ आणि पातळ असतात. गुलाबाला ऊन हवं हे खरं, पण घरी आल्या दिवशी पश्चिमेच्या गच्चीवरचं दुपारी तीनचं ऊन त्याला झेपत नाही. पहिले आठ-दहा दिवस फक्त सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी जागा द्या किंवा पन्नास टक्के सावलीची नेट बांधा. मग दर दोन-तीन दिवसांनी उन्हाचा वेळ वाढवत न्या. डाग पडलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, पण निम्मं पान हिरवं असेल तर ते तोडूही नका. त्याचं काम चालू असतं.

शहरातल्या बाल्कन्यांमध्ये उन्हापेक्षा वारा जास्त त्रास देतो. दहाव्या-बाराव्या मजल्यावर सतत वाहणारा वारा पानांभोवतीची दमट हवा काढून नेतो आणि झाड सावलीत असूनही सुकतं. आणखी एक गोष्ट जरूर बघा: एसीचं बाहेरचं युनिट. त्याच्या गरम झोताच्या वाटेत कुंडी असेल तर पानांच्या कडा एकाच बाजूने वाळतात. ती कुंडी चार फूट बाजूला केली की 'रोग' थांबतो.

सर्वसाधारणपणे झाड संध्याकाळी लावावं, म्हणजे त्याला लगेच रात्रभराची विश्रांती मिळते. ढगाळ, रिमझिम पावसाचे दिवस तर सोन्यासारखे. पुनर्लागवडीला आषाढ-श्रावण बरा तो यामुळेच. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला असताना, नवं झाड पिशवीतच सावलीला ठेवून जपलेलं चांगलं.

पानांच्या कडा आणि टोकं करपली, माती ओली आहे, सावलीही आहे

मग दोष खताचा. झाड लावतानाच मूठभर डीएपी किंवा युरिया घालण्याची पद्धत अजून आहे. मुळांजवळ क्षारांचं प्रमाण वाढलं की पाणी मुळात शिरण्याऐवजी उलट मुळातून बाहेर ओढलं जातं, आणि तुटलेल्या, उघड्या मुळांना तर हे अजिबात सोसत नाही. कच्चं शेण त्याहून वाईट. ते कुंडीत कुजताना तापतं, त्यातून अमोनिया सुटतो, आणि त्याबरोबर हुमणीच्या अळ्याही येतात, ज्या नव्या मुळांवरच ताव मारतात. शेणखत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं असेल तरच वापरा. हाताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही.

खत पडून गेलं असेल तर कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं साधं पाणी हळूहळू ओतून निचरू द्या, क्षार धुऊन जातात. मग नेहमीसारखा वाफसा येईपर्यंत पुन्हा पाणी नाही. विटेसारखं दाबलेलं कोकोपीट वापरत असाल तर तेही भिजवून, पिळून एक-दोनदा धुऊन घ्या, कारण त्यातही क्षार असू शकतात.

भाजीची रोपं

वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर, कांदा ही पुनर्लागवडीला तयार असलेली पिकं. गाजर, मुळा, बीट यांचं मूळच आपण खातो आणि हलवलं की ते फाटतं, म्हणून ती जागेवरच पेरावीत. कोथिंबीर, मेथी हलवण्यात अर्थ नाही. भेंडी, काकडी, दोडका यांची मुळं नाजूक असतात. त्यांची रोपं करायचीच असतील तर कागदी कपात करून कपासकट लावा.

कोकणात आणि मावळात भाताची लावणी पाहिलेल्यांना हा सगळा प्रकार ओळखीचा असेल. साधारण तीन आठवड्यांचं रोप उपटून चिखलात लावलं की शेत आठवडाभर पिवळट, निस्तेज दिसतं. कोणी घाबरत नाही. आठ-दहा दिवसांत रोप माती धरतं आणि शेत हिरवंगार होतं. रोपाचं वय वाढलं की मात्र ते सावरायला वेळ लागतो आणि फुटवेही कमी येतात. भाजीलाही तेच लागू आहे. टोमॅटो-वांग्याचं रोप चार ते पाच आठवड्यांचं, चार-सहा पानांचं, बोटभर जाडीपेक्षा पुष्कळ बारीक पण ताठ असावं. फुलं आलेलं उंच रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

लावायच्या आधी आठवडाभर रोपांचं पाणी थोडं कमी करा आणि ऊन थोडं थोडं वाढवा. शेतकरी याला रोप कणखर करणं म्हणतात. पान जाडसर होतं, खोड ताठ होतं. मात्र उपटायच्या काही तास आधी गादीवाफ्याला भरपूर पाणी द्या आणि रोप खुरप्याने मातीसकट उचला. ट्रेमधल्या रोपाचा कोकोपीटचा गठ्ठा अख्खा निघतो, म्हणून त्याला धक्का कमी बसतो. फक्त तो गठ्ठा मातीच्या वर उघडा राहू देऊ नका, उघडा राहिला की तो वातीसारखा ओल बाहेर खेचतो आणि सुकतो. लावल्याबरोबर पाणी, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं हलकं पाणी.

रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलं तर तो पुनर्लागवडीचा धक्का नव्हे, ती मर आहे. बुरशीमुळे होते आणि पडलेलं रोप वाचत नाही. ते काढून टाका, पाणी आवरा, हवा खेळती ठेवा आणि आठवडाभरात नांग्या भरा, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावा. त्यासाठी चार रोपं नेहमी जास्तीची ठेवावीत.

खोलीचा नियम सगळ्यांना सारखा: आधी जिथवर माती होती तिथवरच. टोमॅटो आणि झेंडू अपवाद. त्यांच्या पुरलेल्या खोडातून मुळं फुटतात, त्यामुळे लांबट झालेलं टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोल लावलं तर उलट फायदाच होतो. लिंबू, आंबा, गुलाब यांचं कलम मात्र मातीत गाडलं जाता कामा नये. कलमाच्या जोडावर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल आणि जोड पक्का झाला असेल तर तीही सोडा, नाहीतर खोड जाड होताना ती आत रुतते.

कळ्या, फुलं आणि कात्री

नवा गुलाब आपण बहुतेक वेळा त्यावरचं फूल बघूनच घेतो, त्यामुळे हे सांगणं जड जातं, पण कळ्या आणि फुलं काढून टाका. फूल उमलवायला झाड साठवलेलं अन्न आणि पाणी खर्च करतं आणि नेमकं तेच आता मुळांना हवं असतं. मोगऱ्याचं, जास्वंदीचंही तसंच.

पानं आणि फांद्यांच्या बाबतीत मी हात आखडता घ्यायला सांगेन. मुळं तुटली नसतील, गोळा अख्खा असेल, तर छाटणीची गरजच नाही. नवी मुळं घडवायला लागणारं अन्न पानांतूनच येतं. जमिनीतून खणून काढलेलं झाड असेल किंवा कूज कापून टाकली असेल, तर कोवळे शेंडे आणि एक तृतीयांशापर्यंतची फांदी उतरवा. कांद्याच्या रोपाचे शेंडे कापून लावतात त्यामागे हाच हिशेब आहे. भाताचे शेंडे खुडतात तेव्हा खोडकिडीची अंडीही निघून जातात, हा आणखी एक लाभ.

फार कोमेजलेल्या लहान झाडाला चार काड्या खोचून वरून पारदर्शक पिशवी सैल घालता येते. आत दमटपणा राहतो. ही कुंडी उन्हात अजिबात नको, आणि रोज सकाळी थोडा वेळ पिशवी उघडायची. चार-पाच दिवसांनी हळूहळू काढून टाका.

टॉनिकबद्दल फार विचारलं जातं. साखरेचं पाणी, अ‍ॅस्पिरिन, एप्सम सॉल्ट यांनी तुटलेली मुळी परत येत नाही. साखरेने मातीतल्या बुरशी-मुंग्यांची मात्र सोय होते. ब जीवनसत्त्वाच्या द्रावणाचा बागेतल्या झाडांना पुनर्लागवडीत उपयोग होत असल्याचं दिसलेलं नाही. समुद्री शेवाळाचा अर्क पातळ करून दिला तर अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर सावली आणि पाण्याचं काम ढिलं सोडू नका.

जमिनीत लावलेलं झाड

इथे कूज कमी आणि कोरडेपणा जास्त होतो. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल घेऊन शेणखत आणि मातीने भरा, पाऊस सुरू झाल्यावर माती बसली की झाड लावा. खोडाला पाणी लागून राहू नये म्हणून खोडाभोवती मातीची छोटी उंचवटी आणि तिच्याबाहेर गोल आळं करा. झाडाला काठीचा आधार सैल बांधा. वाऱ्याने झाड हलत राहिलं की रोज फुटणारी मुळी रोज तुटते. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण खोडाला टेकवू नका, देशावरच्या कोरड्या जमिनीत तिथूनच वाळवी चढते. जळगावकडे टिश्यूकल्चर केळीची रोपं प्रयोगशाळेतून आली की सरळ शेतात जात नाहीत. आधी हरितगृहात, मग शेडनेटखाली काही आठवडे ठेवूनच ती शेतकऱ्याला दिली जातात, कारण बाटलीत वाढलेल्या पानावर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो.

जीव धरला की नाही

पानं गळून काड्याच उरल्या तरी झाड लगेच उपटू नका. कढीपत्ता, लिंबू, गुलाब अनेकदा सगळी जुनी पानं टाकून पुन्हा फुटतात. फांदीची साल नखाने जराशी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर त्याच फांदीवर खाली खाली येत बघा आणि हिरवं लागेल त्याच्या थोडं वर कापा. कलमी झाडात मात्र जोडाच्या वर हिरवं हवं. जोडाखालून जोमाने फुटलेला कोंब हा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचा, जंगली फुटवा असतो, तो लगेच काढावा.

पाणी घालण्याचं वेळापत्रक ठरवू नका, काडी खुपसून ठरवा. पानांच्या बेचक्यातले डोळे फुगले, तांबूस कोंब दिसायला लागले की खाली मुळी चालू झाली असं धरायला हरकत नाही. पहिल्या कोंबाला मात्र खत नको. तो झाडाच्या साठ्यावरही फुटतो. दोन-तीन कोंबांची पानं पूर्ण उघडून गडद हिरवी झाली, दुपारीही ताठ राहू लागली, की मग मूठभर गांडूळखत वरच्या मातीत हलकं मिसळा आणि कुंडी तिच्या कायमच्या उन्हाच्या जागी न्या.